पेटी चाकांच्या पुढे ठेव

केलनर्सव्हिल, विस्कॉन्सिन
१४ एप्रिल १९८६

प्रिय बर्नी,

काल फोनवर तू जे काही बोललीस त्यातलं निम्मं मला ऐकू आलं नाही. उरलेलं निम्मं ऐकू आलं ते तू ओरडत होतीस म्हणून. इंजिनाशेजारी कान ठेवून आयुष्य काढलं की दुसरं काय होणार? म्हणून हे लिहितोय. कागद ओरडत नाही, हा एक फायदा.

तुला तिकडे राहायला जाऊन सहा महिने झाले. रेची छाती तिकडच्या कोरड्या हवेत सुधारली का? इकडे अजून सावलीत बर्फ आहे. शर्यतीची गाडी शेडमध्ये आहे, हिवाळ्यात मी इंजिन उतरवून परत चढवलं. आवाज बरा येतो, म्हणजे मला येतो तेवढा.

आता कामाचं. मेच्या शेवटी पहिली शर्यत. तुझी हत्यारांची लाल पेटी कोपऱ्यात घोंगडी पांघरून उभी आहे, माझ्या छातीएवढी. परवा सहज ढकलून पाहिली. हललीसुद्धा नाही. आर्लिस दारात उभी राहून हसत होती. "गोठ्याच्या दारातल्या गाईसारखी अडून बसलीये," म्हणाली. तू ही ट्रेलरवर कशी चढवायचीस गं? एकोणीस वर्षं तू माझी मेकॅनिक होतीस, पण पेटी चढवताना मी एकदाही पाहिलं नाही, कारण तेव्हा मी नेमका बीअर प्यायला गेलेलो असायचो. आता पस्तावतोय.

सविस्तर लिही.

तुझा भाऊ,
क्लेम

•

टूसॉन, ॲरिझोना
२३ एप्रिल

प्रिय क्लेम,

पस्तावतोयस हे लिहून दिलंस, बरं झालं. पत्र जपून ठेवते.

नीट वाच, आणि शेडच्या दाराला चिकटवून ठेव. पेटीचे दोन भाग आहेत. वरचा भाग खालच्यावर नुसता बसवलाय, तो आधी उतरवायचा, दोघांनी. खालच्याचे खण बाहेर काढायचे, सर्वांत तळाचा सोडून, कारण त्यात जड माल आहे आणि त्यानेच पेटी उभी राहते. मग फळ्या लावायच्या, एकाने वरून दोरी ओढायची, दुसऱ्याने खालून खांदा द्यायचा. एकट्याने अजिबात करायचं नाही. तू बासष्टचा आहेस, बावीसचा नाहीस.

आता सर्वांत महत्त्वाचं. पेटी आधी चढवायची, गाडी नंतर. पेटी पार पुढे, ट्रेलरच्या नाकाला टेकवून, चाकांच्या पुढे ठेव. चार पट्ट्यांनी बांध. गाडी आधी चढवलीस तर पेटीला पुढे जायला वाट उरत नाही, मग आळशी माणूस ती मागेच ठेवतो. आणि वजन मागे गेलं की ट्रेलर कुत्र्याच्या शेपटीसारखा हलायला लागतो. एकदा हलायला लागला की तो तुझं ऐकत नाही, तू त्याचं ऐकतोस. तू जन्मभर दुधाचा टँकर चालवलास, तुला मी हे सांगायला नको. तरी सांगते.

अर्थात माझं सांगणं तुला नकोसं झालंच होतं. निरोपाच्या जेवणात सगळ्या हॉलसमोर ग्लास वर करून म्हणालास ना, "आता निदान माझ्या कानांना सुट्टी मिळेल!" लोक फार हसले.

रे बरा आहे. आर्लिसला माझा नमस्कार. तिच्यासारखी बाई तुला कशी मिळाली हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

बर्नाडीन

•

केलनर्सव्हिल
२८ मे

प्रिय बर्नी,

पाचवा आलो! बावीस गाड्यांत पाचवा. शेवटच्या फेरीत एका पोराने मला गाठलं असतं, पण मी वळणावर इतका मधोमध राहिलो की त्याला बाजूने जायला जागाच नव्हती. नंतर तो येऊन म्हणाला, "आजोबा, रस्ता तुमच्या एकट्याच्या नावावर आहे का?" मी म्हटलं, "तुझ्या जन्माच्या आधीपासून."

पेटीचं सगळं तुझ्या पत्राप्रमाणे केलं. शेजारचे दोघे बापलेक आले. ट्रॅकवर उतरवायला शेबॉयगनचा तो दातांचा डॉक्टर आला, तोच, ज्याची गाडी दर वेळी सुरूच होत नाही. पेटी उघडल्यावर तो देवळात आल्यासारखा गप्प झाला. प्रत्येक पाना आपल्या जागी, आकाराप्रमाणे. "कुणी लावलं हे?" म्हणाला. मी सांगितलं, "माझ्या बहिणीने. हात लावलास तर तिला तिकडे कळतं."

जो भेटला तो तुझं विचारत होता. मी सांगत होतो, बर्नी वाळवंटात निवडुंगाला शिस्त लावतेय.

जुलैत, तिसऱ्या रविवारी, तळ्याकडच्या ट्रॅकवर मोठी शर्यत आहे, तुला माहीतच आहे. जमलं तर ये. नाही जमलं तरी काही अडत नाही, मदतीला आता पुष्कळ माणसं झालीत.

क्लेम

•

टूसॉन
९ जून

प्रिय क्लेम,

पाचव्या क्रमांकाबद्दल अभिनंदन. अडत नाही हे वाचून बरं वाटलं.

जुलैत येणं कठीण दिसतं. रेचा खोकला परत उलटलाय, रात्र रात्र बसून काढतो. अशा वेळी नवऱ्याला टाकून शर्यतीला जाणं मला शोभणार नाही. तुला माणसं आहेतच.

इकडे भयंकर उकाडा. सकाळी सहानंतर अंगणात पाय ठेववत नाही.

बर्नाडीन

•

केलनर्सव्हिल
१९ जून

प्रिय बर्नी,

रेचं वाचून वाईट वाटलं. तू तिथेच थांब, तेच बरोबर आहे. मी काही तुझी वाट बघत बसलोय असं समजू नकोस.

शेजारचे बापलेक त्या आठवड्यात मासेमारीला जाणार आहेत. म्हणून आर्लिस म्हणाली, मी येते. चर्चमध्ये ऑर्गनवर त्या रविवारी दुसरं कोणीतरी बसेल. फादरना सांगायला गेली तर ते म्हणे खुर्चीत बसलेच. लग्नानंतर आजतागायत तिने रविवारची मिस्सा चुकवलेली नाही. आजारपणातसुद्धा नाही. मी थट्टा केली, "शेवटी देव का मी, ते ठरलं तर!" म्हणाली, "देवाला पेटी ढकलायला माणसं आहेत. तुला नाहीत."

रेला म्हणावं, कोंबडीचं सूप पी.

क्लेम

•

केलनर्सव्हिल
२५ जुलै

प्रिय बर्नी,

तुला कुणाकडून तरी कळण्याआधी मीच लिहितो. येताना आम्हाला अपघात झाला. जीव वाचले. मला दोन टाके आणि बरगड्यांना मुका मार. आर्लिसचा उजवा हात फार वाईट मोडला आहे, मनगट, कोपर आणि त्यामधलं सगळं. मनीटोवॉकच्या इस्पितळात एक शस्त्रक्रिया झाली, अजून एक व्हायची आहे.

ट्रेलरचं टायर फुटलं. उतार होता, रस्ता ओला होता. ट्रेलर डावीकडे गेला, मग उजवीकडे, मग डावीकडे, प्रत्येक वेळी जास्त. मी ब्रेक लावला, तेव्हा त्याने आमचा ट्रकच फिरवला. आम्ही उजव्या कुशीवर मक्याच्या शेतात जाऊन पडलो. आर्लिसने हात खिडकीवर टेकवलेला होता. पावसानंतर गार वारा सुटला होता म्हणून.

गाडी गेली. तुझी पेटी फुटली. खण शेतभर पसरले. जेवढं हाती लागलं तेवढं गोळा करून आणलंय.

डॉक्टर बोटांबद्दल काही बोलत नाहीत.

क्लेम

•

टूसॉन
२ ऑगस्ट

क्लेम,

तुझं पत्र आल्यापासून मला अन्न गोड लागत नाही. आर्लिसला वेगळं लिहिलंय. हे फक्त तुला.

टायर फुटलं की ट्रेलर एका बाजूला ओढतो. तो डावीकडून उजवीकडे झोके घेत नाही. झोके घेतो तो वजनाने. पेटी कुठे होती, क्लेम? खरं सांग. मागे ठेवलीस ना?

चिकटवून ठेव म्हणाले होते शेडच्या दाराला. एवढी एक गोष्ट. बाकीचं सगळं विसरला असतास तरी चाललं असतं. जन्मभर दूध वाहिलंस, भरलेला टँकर उतारावर कसा वागतो हे तुला झोपेत ठाऊक आहे, आणि स्वतःच्या बायकोला शेजारी बसवून तू असा निघालास! तुझ्या कानांना सुट्टी हवी होती. मिळाली. आता बघ काय झालं ते.

कडक झालंय, मला दिसतंय. तरी पाठवते.

बर्नाडीन

•

टूसॉन
१० ऑगस्ट

आर्लिसवहिनी,

मी पत्र लिहिणारा माणूस नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. पण हे कार्ड दुकानात दिसलं, त्यावरचा प्लास्टर घातलेलं अस्वल बघून म्हटलं, हे तुमच्यासाठीच. लवकर बऱ्या व्हा. तुमच्या ऑर्गनशिवाय चर्चला गंमत नाही, हे मी प्रोटेस्टंट असून सांगतोय.

माझी काळजी करू नका. इथली हवा मला अशी मानवली आहे की विचारू नका. सबंध उन्हाळ्यात एकदाही खोकलो नाही. तुमचा अपघात झाला त्या रविवारी तर मी शेजाऱ्याच्या छपरावर चढून रंग देत होतो आणि बर्नी खालून ओरडत होती. तिला ओरडायला कोणीतरी लागतंच. क्लेमची आठवण तिला फार येते, पण ती कबूल करणार नाही.

तुमचा,
रे

•

टूसॉन
२० सप्टेंबर

प्रिय क्लेम,

ऑगस्टपासून ही माझी तिसरी चिठ्ठी. एकीचंही उत्तर नाही. फोन लावला तर आर्लिस म्हणते तू शेडमध्ये आहेस. सकाळी शेडमध्ये, संध्याकाळीही शेडमध्ये. गाडी तर गेली म्हणतोस, मग शेडमध्ये करतोस काय?

मी फार कडक लिहिलं. रागावला असशील तर तसं लिही. शिव्या दे. पण गप्प बसू नकोस. तुझं गप्प बसणं मला माहीत नाही, मी ते कधी पाहिलेलं नाही.

बर्नी

•

केलनर्सव्हिल
५ ऑक्टोबर

प्रिय बर्नाडीन,

डाव्या हाताने लिहिते आहे. अक्षर पहिलीतल्या मुलीसारखं आहे, हसू नकोस. एवढं पत्र लिहायला मला तीन दिवस लागणार, तेव्हा मधे मधे शाई बदललेली दिसेल.

त्या रविवारी काय झालं ते तुला मी सांगते, कारण तो सांगणार नाही.

शर्यत संपली आणि आभाळ फाटलं. गाडीला छप्पर नाही, ती भिजू नये म्हणून क्लेमने ती आधी ट्रेलरवर घेतली. मग पेटी राहिली. पुढे जायला वाट नव्हती. मी म्हटलं, "थांबू या. बीअरच्या तंबूत सगळे बसलेत, पाऊस गेला की येतील, गाडी उतरवू, पेटी पुढे घेऊ." तो म्हणाला, "बर्नी असती तर एव्हाना आपण घरी असतो." मी पुन्हा म्हटलं, थांबू या. तो ऐकेना. दिवसभर त्याचं तसंच चाललं होतं. स्पीकरवरून कुणाचं नाव पुकारलं की वळून फाटकाकडे बघायचा. तू येतेस का ते बघत होता, मी ओळखलं होतं. दोन अनोळखी माणसांना हाक मारून पेटी मागे चढवली, नीट बांधली, आणि निघालो.

टायर फुटलं नव्हतं. तू बरोबर ओळखलंस.

आता दुसरी गोष्ट. रेचं कार्ड आलं. अस्वल बघून मी इस्पितळातून आल्यावर पहिल्यांदा हसले आणि कार्ड फ्रिजवर लावून टाकलं, आत काय आहे ते नीट न वाचता. क्लेमने वाचलं. दुपारी दूध काढायला फ्रिजपाशी गेला आणि तिथेच उभा राहिला. मी विचारलं, काय झालं? म्हणाला, "रे बरा आहे. छपरावर चढतो." कार्ड होतं तिथे परत लावलं आणि शेडकडे गेला. तेव्हापासून तो शेडमध्ये आहे.

मी रागावलेली नाही, बर्नाडीन. म्हणजे, रागावले होते. एक आठवडा फार रागावले होते, तुमच्या दोघांवर. मग कंटाळले. तो समजतो माझा हात त्याच्यामुळे गेला. हे पत्र वाचून तू समजशील तुझ्यामुळे गेला. तुम्ही बहीणभाऊ माझ्या हाताची वाटणी करायला बसू नका. बापाची जमीन नाही ती. हात माझा आहे आणि गेला तो माझा गेला आहे. काय करायचं ते मी बघेन.

बोटं मिटत नाहीत. अंगठा थोडा हलतो. ऑर्गनवर आता शेजारच्या डेनमार्क गावची एक तरुण बाई येते. चांगली आहे, पण फार घाईत वाजवते, म्हाताऱ्यांना शब्द गाठता येत नाहीत.

तू क्लेमला लिही. टायरबद्दल नको. पेटीबद्दल नको. जुलैबद्दल लिही.

आर्लिस

•

टूसॉन
१४ ऑक्टोबर

क्लेम,

रेला खोकला नव्हता. मी खोटं लिहिलं.

कारण सांगायला बसले तर ते इतकं क्षुल्लक आहे की लिहवत नाही. तू निरोपाच्या जेवणात जे बोललास ते मला लागलं होतं. सगळे हसले, मीही हसले, आणि घरी येऊन भांडी आपटली. मग तुझं मेमधलं पत्र आलं. "नाही जमलं तरी काही अडत नाही." मी ते ओट्यापाशी उभी राहून वाचलं आणि म्हटलं, नाही ना अडत? मग राहू दे अडल्याशिवाय. तिकिटाचे पैसे मी एप्रिलपासून बाजूला काढले होते. रे म्हणत होता, जा, जा. मी त्याला सांगितलं, तू आजारी आहेस. तो म्हणाला, कोण, मी?

त्या रविवारी दिवसभर मी घड्याळ बघत होते. आता सराव, आता रांगा, आता हिरवा झेंडा. रे छपरावर होता, मी शिडी धरून उभी होते, आणि मनाशी म्हणत होते, आता कळेल त्याला. मी नसले की कसं होतं ते आता कळेल. असं मी खरंच म्हटलं, क्लेम. या शब्दांत. त्याच दुपारी.

आणि मग तुला ते पत्र लिहिलं, पेटी कुठे होती म्हणून.

आर्लिस म्हणते वाटणी करू नका. मी प्रयत्न करते. जमत नाही.

थँक्सगिव्हिंगला येऊ का? रे म्हणतो तो घर सांभाळेल. मी स्वयंपाक करीन, आर्लिसला बसवून ठेवू.

बर्नी

•

केलनर्सव्हिल
९ नोव्हेंबर

प्रिय बर्नी,

तुझं पत्र आलं त्याला बरेच दिवस झाले. रोज उत्तर लिहायला बसायचो. मला थट्टा सोडून दुसरं लिहिता येत नाही आणि थट्टा सुचत नव्हती.

"काही अडत नाही" हे मी लिहिलं कारण रे आजारी माणूस, तुझ्यावर ओझं नको. आर्लिसने ते पत्र टाकण्याआधी वाचलं होतं. म्हणाली, "ही वाक्यं खोडून काढ आणि सरळ ये म्हण." मी म्हटलं, तिला कळतं. आपल्याला वाटतं कळतं. एका ट्रकमध्ये इतकी वर्षं शेजारी बसलो की वाटतंच.

टायरचं खोटं मी बोललो ते तुझ्या भीतीने. बासष्टाव्या वर्षी धाकट्या बहिणीची भीती. तू रागावलीस त्याचं मला काही वाटलं नाही, ते मला हवंच होतं. आर्लिस रागवत नाही, डॉक्टर रागवत नाहीत, फादर खांद्यावर हात ठेवतात. तू एकटी रागावलीस. ते पत्र मी शेडमध्ये पुष्कळदा वाचलं. मग रेचं कार्ड वाचलं, आणि तुझं ते रागावणंही माझ्याकडून काढून घेतल्यासारखं झालं. तुझ्यावर राग धरावा तर पेटी मागे मी ठेवलेली. स्वतःवर धरावा तर डोक्यात येतं, तू आली असतीस तर. असा दोन्हीकडे झोके घेत बसलो होतो. म्हणून लिहिलं नाही.

शेडमध्ये काय करतो विचारलंस. पेटी ठोकून सरळ करत होतो. वरचा भाग झाला, खालच्याचे खण अजून अडकतात. ज्याच्या मक्यात आम्ही पडलो तो लिअँडर कोलबेक कापणीच्या वेळी तणतणत आला, हातात तुझा मोठा पाना. त्याच्या यंत्रात गेला असता तर चार दिवस काम बंद पडलं असतं. दारातच सुरू झाला, "तुमचं हे लोखंड..." तेवढ्यात आर्लिस आली. तिचा हात पाहिला आणि त्याने टोपी काढली. बसला, कॉफी प्याला. आता सापडेल तसं एकेक आणून देतो, कॉफीच्या डब्यात घालून. परवा तीन सॉकेट आणि तुझी पातळ पक्कड आली. मी ती जागेवर लावतो. जागा चुकत असेन, पण लावतो.

मी आता शर्यत करणार नाही. गाडी नाही म्हणून नव्हे, ती मिळते. आर्लिस म्हणते कर. पण ट्रेलर जोडलेला मला आरशात बघवणार नाही.

थँक्सगिव्हिंगला येऊ नकोस, बर्नी. यंदा नको. तू ओट्यापाशी उभी राहशील आणि आर्लिसला बसवून ठेवशील, आणि ती बसेल, आणि मला ते बघावं लागेल. आणि तुझ्याशी काय बोलावं ते मला अजून ठाऊक नाही. वाईट वाटून घेऊ नकोस. घेशील, ते मला माहीत आहे. मेमध्ये ये, बर्फ गेल्यावर. रेलाही आण. खरंच ये. मी वाट बघेन असं लिहितोय, नीट वाच. वाट बघेन.

एक सांगायचं होतं. लग्न झाल्यापासून, शर्यतीचे रविवार सोडले तर, मी चर्चमध्ये एकटा बसत आलो, ती वर ऑर्गनपाशी असायची. मिस्सा संपल्यावर जिन्याखाली मी तिची वाट बघायचो. आता ती माझ्या शेजारी बसते. पहिल्या रविवारी मला कळेना बाकावर जागा किती सोडायची. लोक मागे वळून बघत होते. ती डेनमार्कची बाई वाजवायला लागली की आर्लिसचा डावा हात मांडीवर चालू होतो, बोटं उठतात, पडतात. उजवा तसाच असतो. गेल्या रविवारी मी तो हातात घेतला. ती समोर बघत म्हणाली, "घट्ट धरलास तरी चालेल, मला कळत नाही." मग गाणं संपेपर्यंत तसाच धरून बसलो.

क्लेम